जुनं गिऱ्हाईक

दुसऱ्या मजल्याचं वळण ओलांडेपर्यंत रतन तांबेची सबब तयार झाली होती. "काका, काय सांगू, सीझन असा आहे की जेवायलासुद्धा वेळ नाही," असं म्हणायचं आणि हसायचं. मग काका म्हणणार, "असू दे रे, आलास ना." इतक्या वर्षांच्या ओळखीत घाग काका याहून जास्त कधी बोललेच नव्हते.

कोपरमधली ही इमारत जुनी होती. लिफ्ट नाही, आणि जिना असा की समोरून कोणी आलं तर एकाने भिंतीला चिकटायचं. एका खांद्यावर हत्यारांची बॅग आणि हातात पाण्याचा पंप घेऊन रतन धापा टाकत चढत होता. सकाळी घागांच्या शेजारच्या आनंदचा फोन आला होता. "रतनभाऊ, काकांचा एसी बंद पडलाय. लगेच या. आत्ताच्या आत्ता." काकांनी स्वतः फोन न करता शेजाऱ्याला पुढे केलं, म्हणजे या वेळी स्वारी खरंच रागावलेली दिसते, असं रतनला वाटलं. रागावू देत. त्यांचा हक्कच होता.

तिसऱ्या मजल्यावर दारासमोर चपलांचा ढीग होता. पाहुणे आलेत वाटतं, असं म्हणत तो आपले बूट काढायला वाकला, तेव्हा त्याला उदबत्तीचा वास आला. घरातून बोलण्याचा आवाज येत नव्हता. त्याने एक बूट काढला आणि दुसरा तसाच पायात ठेवून तो दारात उभा राहिला.

"काल संध्याकाळी गेले," आनंद बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाला. "चहा पिता पिता. कप पण नीट खाली ठेवलेला."

रतनने दुसरा बूटही काढला.

"अमृताताई दोह्याहून निघालीय. दुपारी तीनपर्यंत पोचेल. तोवर ठेवायचं ना काकांना. मंडळाची बर्फाची पेटी आणलेली, पण ती जिन्याच्या वळणावर अडकली. खाली पार्किंगमध्ये ठेवू म्हटलं तर काकू ऐकेनात. म्हणाल्या, घरचा माणूस घरात राहील. मग आम्ही रात्रभर एसी सोळावर लावून ठेवला. आणि पहाटे त्याने हवाच टाकायची बंद केली ना भाऊ. वर पाणी गळायला लागलं."

आतल्या खोलीत सखाराम घाग चटईवर झोपवलेले होते. उशाशी समई होती. पायांशी कोणीतरी स्टीलचं पातेलं ठेवलं होतं आणि त्यात वरून थेंब पडत होते. खोली दमट झाली होती. भिंतीशी मंजुळाकाकू बसल्या होत्या. त्यांनी रतनकडे पाहिलं आणि ओळखीची मान हलवली.

एसीवाल्याचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं आणि जूनमध्ये संपतं. बाकीचे महिने मागल्या कमाईवर रेटायचे. मे महिन्यात कल्याणची त्याची अख्खी चाळ गावाला जाते आणि फणस-आंबे खाऊन काळी होऊन परत येते. रतन लग्नापासून एकदाही मेमध्ये खेडला गेला नव्हता. त्याची बायको विनिता मुलांना घेऊन एकटीच जायची आणि सासूला सांगायची, "तुमचा मुलगा लोकांना गार करतोय. घरच्यांनी शिजायचं."

या दिवसांत आधी कोणाकडे जायचं, याचा एक नियम आपोआप पडून गेला होता. जो ओरडेल त्याच्याकडे आधी. ठाण्याच्या टॉवरमधली बाई फोनवर वाईट रिव्ह्यूची धमकी देते, मग तिच्याकडे आधी. नवं गिऱ्हाईक हातचं जाईल, म्हणून त्याच्याकडे आधी. आणि जुनं गिऱ्हाईक? ते आपलंच असतं. ते समजून घेतं, ते कुठे जात नाही. म्हणजे ज्यांचा आपल्यावर सगळ्यात जास्त विश्वास, त्यांनीच सगळ्यात जास्त घामात बसायचं. हा काही रतनचा शोध नव्हता. सगळा धंदा असाच चालतो, आणि बरीच घरंही अशीच चालतात.

घाग काकांइतकं जुनं आणि आपलं गिऱ्हाईक रतनकडे दुसरं नव्हतं. ते एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत फिटर होते. निवृत्त झाल्यावर अमृताने, म्हणजे दोह्यात नर्स असलेल्या त्यांच्या एकुलत्या एक मुलीने, हा एसी घेऊन दिला. आधी काकांनी खूप कुरकुर केली. आम्हाला कशाला हे श्रीमंतांचे लाड, म्हणाले. मग त्याच्या प्रेमातच पडले. दर फेब्रुवारीत, गर्दीच्या आधी, स्वतः फोन करून ते रतनला सर्व्हिसिंगला बोलवायचे आणि तो काम करत असताना स्टूल धरून उभे राहायचे. हे काय, ते कशाला, असं विचारत राहायचे. रतनने शिकवल्याप्रमाणे दर पंधरा दिवसांनी आतली जाळी काढून नळाखाली धुवायचे आणि गॅलरीत सावलीत वाळत घालायचे. उन्हात घातलेले पापड सांभाळावेत तशी ती जाळी सांभाळायचे.

या वर्षी त्यांचा फेब्रुवारी हॉस्पिटलात गेला. हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी स्टुलावर चढायला बंदी केली, आणि काकूंना काकाच चढू देईनात. पडशील, म्हणाले.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता. "रतन, हवा येते रे, पण गार लागत नाही. जमेल तसं ये." रतन म्हणाला, "उद्या येतो, काका." दुसऱ्या दिवशी परत फोन. "आज जमेल का?" तेव्हा रतन घोडबंदरला एका टॉवरच्या कठड्याबाहेर एक पाय टाकून उभा होता. "उद्या नक्की," तो म्हणाला. नंतर एकदा फोन आला तेव्हा रतनने काही बोलायच्या आधीच काका म्हणाले, "बरं बरं. घाईत दिसतोयस. जेवलास का तू?"

त्यानंतर त्यांचा फोन आला नव्हता. आणि फोन आला नाही म्हणून रतनला बरंच वाटलं होतं. आता या खोलीत उभं राहून ते आठवलं, तेव्हा त्याला स्वतःची शिसारी आली.

तो स्टुलावर चढला आणि त्याने एसीचं झाकण उघडलं. जाळीवर धुळीचा थर इतका जाड होता की बोटाने ओढल्यावर तो घोंगडीसारखा निघून आला. मागची कॉइल पांढऱ्या बर्फाने भरून गेली होती. हवेला आत शिरायला वाट नव्हती, त्यात रात्रभर सोळावर चालवल्यामुळे गारवा आतल्या आत गोठला होता. आनंदने जीव तोडून जे केलं होतं, त्यानेच मशीन गुदमरलं होतं. हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

"थोडा वेळ बंद ठेवायला लागेल," तो म्हणाला. "बर्फ सुटला की धुतो. मग चालेल."

"बंद?" दाराशी उभे असलेले काकांचे पुतणे पुढे आले. "अहो, ऊन चढतंय. बर्फच आहे ना, तो खरवडून काढा की पटकन."

"कॉइलला भोक पडलं तर गॅस जाईल, साहेब. मग ताई येईपर्यंत हा चालूच होणार नाही."

पुतण्यांनी आणखी माणसं बोलावली. चौघांनी मिळून काकांची चटई पलीकडच्या भिंतीशी सरकवली. रतनने एसीखाली प्लॅस्टिकचा कागद बांधला, त्याचं तोंड बादलीत सोडलं, आणि मशीनमधून ठिपकत राहिलेल्या पाण्याकडे बघत तो उभा राहिला. खिडक्या लावलेल्या होत्या. पडद्यामागे मे महिना तापत होता. बाकीची माणसं एकेक करून बाहेर गॅलरीत गेली. खोलीत काका, काकू आणि रतन उरले.

बर्फ जरा सैल झाल्यावर तो कोमट पाण्याचा मग घेऊन हाताने ओतू लागला. शेजारी पंप तसाच पडला होता.

"ते मशीन का नाही लावत?" काकूंनी विचारलं. "दर वर्षी लावतोस ना?"

"फार आवाज होतो, काकू."

"लाव. ते काही उठायचे नाहीत आता."

त्याने पंप लावला. खोलीभर घरघर झाली आणि कॉइलमधून काळं पाणी बादलीत उतरू लागलं. बादली भरली. ती मोरीत ओतून त्याने दुसरी लावली. तीही काळीच निघाली. पाणी हळूहळू निवळत गेलं. पंप थांबला तेव्हा काकू म्हणाल्या, "काय झालं होतं रे त्याला?"

असल्या प्रश्नाला धंद्यात एक ठेवणीतलं उत्तर असतं. गॅस गेला होता. गॅस कुठे जातो हे गिऱ्हाईक विचारत नाही. मोठं काम होतं, काकू, लगेच झालंच नसतं, असं म्हटलं असतं तर काकूंनी विश्वास ठेवला असता. रतनने तोंड उघडलंही. पण खाली बघितल्यावर काकांचा चेहरा दिसत होता.

"काही नाही, काकू. धूळ होती."

"एवढंच?"

"एवढंच."

काकूंनी समईची वात पुढे सारली. मग त्याच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "मी म्हटलं होतं त्यांना, दुसऱ्या कुणाला बोलवू. कोपऱ्यावरच दुकान आहे. नाही म्हणाले. रतन येतो म्हणालाय ना, मग येईल. रात्री झोप लागायची नाही. मी पंचा ओला करून छातीवर टाकायची. तो वाळला की परत भिजवायची."

"काकू, मी..." रतन म्हणाला. आणि पन्नाशीचा तो माणूस स्टुलावर उभ्या उभ्या रडायला लागला. हात ओले होते, त्यामुळे डोळेही पुसता येईनात.

"उतर खाली," काकू म्हणाल्या. "पडशील."

बाराच्या सुमाराला एसी सुरू झाला. रतनने तो सोळावर नाही, बावीसवर ठेवला. थोड्या वेळात खोलीभर स्वच्छ, कोरडा गारवा पसरला. काकांना पुन्हा जागेवर आणलं. काकूंनी सवयीने त्यांच्या अंगावरची चादर छातीपर्यंत ओढली आणि कडा नीट खोचल्या.

रतनचा फोन सारखा वाजत होता. ठाण्याच्या टॉवरवाल्या बाईचं नाव स्क्रीनवर तिसऱ्यांदा आलं तेव्हा त्याने फोन बंदच करून टाकला. दर थोड्या वेळाने तो आत जाऊन एसीसमोर हात धरून बघायचा आणि बाहेर येऊन जिन्यात बसायचा. चहा आला, तो त्याने घेतला नाही. अमृता येईपर्यंत हे मशीन बंद पडता कामा नये, याहून दुसरं त्याच्या डोक्यात काही नव्हतं.

तीन वाजून गेल्यावर खाली टॅक्सी थांबली. अमृता धावत जिना चढली. ती घामाने भिजली होती, हॉस्पिटलच्या ओळखपत्राची पट्टी अजून गळ्यातच होती. ती खोलीत शिरली आणि दारातच थबकली. मग काकांजवळ बसली. त्यांच्या गालाला हात लावला. चेहरा जसाच्या तसा होता, दुपारी डुलकी लागली असावी तसा. ती खूप वेळ रडली, आणि काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

जरा शांत झाल्यावर तिचं लक्ष दाराशी उभ्या असलेल्या रतनकडे गेलं.

"तुम्ही रतनदादा ना?" ती म्हणाली. "बाबा रविवारी फोनवर सांगत होते मला. मी विचारलं, एवढं उकडतंय, एसी चालतोय ना? तर म्हणाले, अगं, रतन येऊन करून गेला कधीच, मस्त गार झोप लागते." तिने दोन्ही हात जोडले. "मी तिथे होते, दादा. मला येता आलं नाही. तुम्ही होतात म्हणून त्यांचे शेवटचे दिवस तरी सुखात गेले."

रतन जागच्या जागी गार पडला. त्याने काकूंकडे पाहिलं. काकूंनी लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"हो गं," त्या म्हणाल्या. "आला होता हा. लगेच आला होता."

तिरडी बांधायला माणसं खाली गेली, तेव्हा रतनने काकूंना स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं.

"काकू, तिला खरं सांगा. मला शिव्या देऊ दे तिला."

"मग तू मोकळा होशील," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, फक्त थकवा होता. "आणि तिने काय करायचं? तिला परत जायचंय तिकडे. बाप सुखाने झोपत होता, एवढं तरी तिला घेऊन जाऊ दे. त्यांनीच सांगितलंय ते तिला. मी कशाला मोडू त्यांचा शब्द?"

रतनने मान खाली घातली. यापुढे हे ओझं त्याच्याकडेच राहणार होतं, आणि ते उतरवायला जागा नव्हती.

वर आणलेली तिरडी अरुंद जिन्यातून परत खाली न्यायला जिना माहीत असलेली माणसं हवी होती. रतन न सांगता पुढे झाला आणि वळणावर त्यानेच तिरडी सावरली. रस्त्यावर आल्यावर उजव्या बाजूचा खांदा त्याच्याकडे आला. ऊन डोक्यावर भाजत होतं, डांबर पायाला चिकटत होतं. पण गालाशी आलेल्या पांढऱ्या चादरीला अजून खोलीतला गारवा होता. देवळाच्या कोपऱ्यापर्यंत तो रतनच्या गालाला लागत राहिला. पुढे चादरही उन्हाने तापली.