कॉस्टिकची टाकी

थोरलीच्या वर्कशॉपमध्ये एक नियम होता आणि तो तिच्या बाबांनीच घालून दिलेला होता. कुठलाही ओतीव भाग धुण्याआधी त्याला लोहचुंबक लावून बघायचं. चिकटलं तर ते बीड, म्हणजे ओतीव लोखंड. मग खुशाल कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत बुडवा, जुना रंग आणि वर्षानुवर्षांचं ग्रीस आपोआप सुटतं. नाही चिकटलं तर अॅल्युमिनियम. ते रॉकेल आणि ब्रशनं, तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं तसं धुवायचं, कारण कॉस्टिक अॅल्युमिनियमला खाऊन टाकतं. या एका नियमावरून बाबांनी भल्याभल्या कारागिरांना फैलावर घेतलं होतं.

आता बाबा थकले होते. "ताई, त्यांना घरी बसव. हल्ली फार विसरतात," असं धाकटा भाऊ फोनवर सांगायचा. परगावी बसून सल्ले द्यायला त्याचं काय जातंय? नावं विसरत असतील, पण कामात बाबांचा हात धरणारा कोणी नाही, असं थोरली छातीठोकपणे सांगायची. वर्कशॉप सुटलं तर हा माणूस अंथरूण धरेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वैतागून एकदा तिनं भावाला ऐकवलं होतं, "त्यांच्या हातून काम बिघडलं ना, तर मी स्वतः त्यांना घरी बसवीन."

त्या दुपारी ती जेवून परतली, तर टाकी फसफसून उतू जात होती. बीड कधी फसफसत नाही. टेबलावर ती ब्रशनं घासत होती ते गिअरबॉक्सचं केसिंग जागेवर नव्हतं. वकीलसाहेबांच्या वडिलांच्या जुन्या गाडीचं ते केसिंग, भंगारवाले पालथे घातले तरी दुसरं मिळालं नसतं.

आकड्यानं तिनं ते बाहेर ओढलं. काळंठिक्कर पडलेलं, कडा कुरतडलेल्या, बेअरिंग बसायच्या गोल जागा वेड्यावाकड्या झालेल्या.

"मीच टाकलं," स्टुलावरून बाबा म्हणाले. "किती घासत बसशील? बिडाचे कसले एवढे लाड?"

"बाबा, हे बीड नाही."

"बीडच आहे. मला शिकवतेस?"

चुंबक लावायचं राहिलं, हे एक वेळ समजण्यासारखं होतं. पण हे केसिंग त्यांनी स्वतः उचलून नेलं होतं. डोळे मिटून नुसत्या वजनावरून धातू ओळखणाऱ्या त्या हातांना एवढा हलका भाग उचलताना काहीच कळलं नव्हतं. भाऊ खरं बोलत होता, आणि तिला त्याचा रागही येईना.

वकीलसाहेब काम बघायला येणारच होते. तेवढ्या वेळात तिनं ठरवून टाकलं, चूक आपल्या अंगावर घ्यायची. बाबांकडे कोणी बोट दाखवायला नको. गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल.

वकीलसाहेब आले. केसिंग बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी विचारलं, "कोणी केलं हे?"

थोरलीनं तोंड उघडलं, पण बाबा आधीच उठले होते.

"हिनं," ते म्हणाले. "मी जेवायला घरी गेलो होतो, तेवढ्यात हिनं टाकीत घातलं. अॅल्युमिनियम आहे हो ते, बघताक्षणी कळतं. पण पोरीला सांभाळून घ्या."

थोरलीनं चटकन त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते खोटं बोलत असते तर तिला केवढा धीर आला असता. तिनं त्यांच्या डोळ्यांत शरम शोधली, भीती शोधली, निदान नजर चुकवणं तरी. काही म्हणजे काही नव्हतं. होती ती फक्त तिच्याबद्दलची माया.

त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नकोस. एका चुकीनं मी काही तुला कामावरून काढत नाही."

"हो बाबा," ती म्हणाली. "चुकलं माझं."