मोबाइलवरचं शून्य

नेरच्या बसस्टँडामागच्या घरात मथुराबाई एकट्याच राहत. गच्चीवर मात्र अख्ख्या कुटुंबाला पुरून उरेल एवढं सोलर होतं. ते बसवलं तेव्हा मुलगा राजदीप, सून, नात सगळे इथंच होते. राजदीपचं बी-बियाण्याचं दुकान जोरात होतं आणि एसी घ्यायचा बेत ठरला होता. मग बोंडअळीनं लागोपाठ हंगाम खाल्ले, कापसाचा भाव पडला, दुकानात गिऱ्हाईक फिरकेना. राजदीपनं शटर ओढलं आणि बायको-लेकीला घेऊन पुण्यात नोकरी धरली.

आता घरात पंखा आणि फ्रिज. उरलेली वीज कंपनीच्या तारेवर जायची. बिल नावापुरतं यायचं, पण वर्षाअखेरीला शिल्लक युनिटांचा जो किरकोळ मोबदला मिळायचा तो पाहून राजदीप चिडायचा.

"आई, कूलर लावत जा ना. जवळपास फुकटच देऊन राह्यलो आपण त्यायले."

"एकटीले किती हवा लागते रे?" त्या म्हणायच्या.

गच्चीवर किती वीज तयार झाली, हे त्याला पुण्यात मोबाइलवर दिसे. सगळं ठीक दिसलं की तो फोन करायचा विसरून जाई.

मे महिन्यातल्या एका रविवारी वादळात सोलरचा खटका पडला. मोबाइलवर शून्य दिसताच राजदीपचा फोन आला. मशीनवरचा हिरवा दिवा लागला का, तार सुटली का, वर जाऊन पाहा. बराच वेळ बोलणं चाललं. मागं नात कुणावर तरी ओरडत होती, तेही ऐकू आलं. मथुराबाईंचा तो दिवस फार चांगला गेला.

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच खटका पाडला. फोन आला. मग त्याच्या पुढच्या रविवारीही.

शेवटी राजदीपनं यवतमाळहून सोलरवाली पाठवली. नाहिद तिचं नाव. तिनं जोडण्या तपासल्या, मशीनमधली नोंद पाहिली आणि खाली येऊन हळूच म्हणाली, "आजी, बिघाड काहीच नाही. हातानं कोनी बंद करून राह्यलं."

मथुराबाईंनी चहाचा कप तिच्यापुढं ठेवला.

नाहिदनं त्यांच्याकडं पाहिलं. "तार ढिली होती म्हनून सांगू का त्यायले?"

"नाही बाई. तू कायले खोटं बोलतं? मीच सांगतो."

ती गेल्यावर त्यांनी फोन लावला. "राजदीप, तो खटका मीच पाडत होती."

"काहून?"

"तू फोन करतं म्हनून."

तो म्हणाला, "मीटिंग हाय. मंग करतो," आणि फोन ठेवला.

मथुराबाईंना आपलीच लाज वाटली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही फोन आला नाही. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या भाजी निवडत असताना फोन वाजला. राजदीपच होता.

"काय करून राह्यली?"

"मेथी निवडतो."

"हं."

"पानी आलं का तिकडं?"

"नाही अजून."

बिघाड नसताना काय बोलायचं, हे दोघांनाही सुचेना. मथुराबाईंनी फोन कानाशी खांद्यानं दाबला आणि पुढची जुडी सोडली. पलीकडं राजदीपचा श्वास ऐकू येत होता. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.