साडेनऊ तासांचं टोरांटो

केजच्या बाजारात माझं किराणा दुकान आहे. गुंडप्पाशेठचा हिशोब चुकत नाही, असं लोक म्हणतात. लोक म्हणतात म्हणून मीही म्हणायचो.

आमची लेक शिवकन्या टोरांटोला असते. तिचे दिवस भरत आले होते आणि तिला आई हवी होती. पण आईसाहेब, म्हणजे माझी बायको नीलम्मा, अडून बसल्या. आमच्या दोघांचा एक नेम आहे. रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, त्याआधी तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. एकेचाळीस वर्षांत त्यात खंड नाही, नीलम्माच्या बाळंतपणांतही नाही.

"इमानात सकाळ झाली तर मी काय करू?" एवढाच तिचा सवाल.

मी तिकीट हातात घेतलं. मुंबईहून दुपारी साडेबाराला सुटायचं, मध्ये एकदा विमान बदलायचं आणि त्याच दिवशी रात्री दहाला टोरांटो. एसटीचं वेळापत्रक वाचावं तसं मी ते वाचलं.

"साडेनऊ तास. आजची पूजा मुंबईत, उद्याची लेकीच्या घरी. मधी सकाळ हायच कुठं?"

तिनं माझ्या हातातलं तिकीट घेऊन निरखलं. मग म्हणाली, "तुमी म्हणता तर जाते."

मी जिंकलो. जीपनं मुंबईला जायला लागतो तेवढ्याच वेळात बायको टोरांटोला पोचणार, असं धारूरपर्यंतच्या पाहुण्यांना फोन करून सांगितलं.

विमान उडालं त्या संध्याकाळी आमचा मुलगा संगमेश दुकानात आला. माझी बढाई त्याच्याही कानावर गेली होती.

"अप्पा, साडेबारा हजार किलोमीटर हाय ते. तिकडचं घड्याळ आपल्याहून साडेनऊ तास मागं. एकोणीस तास लागतेत. आपली सकाळ होईल तवा आई आभाळातच असंल."

एकेचाळीस वर्षांचा तिचा नेम माझ्या शहाणपणानं मोडणार होता. एक तर ती उपाशी बसणार, नाहीतर नकळत खाणार. राग माझाच आला होता, पण खेकसलो गिऱ्हाइकावर.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून फोनसमोर बसलो. सून रुचिकानं हातात काय दिलं तेही कळलं नाही. साडेआठला फोन वाजला आणि पडद्यावर नीलम्मा दिसली. कपाळावर विभूतीचे पट्टे ठसठशीत.

"नीलम्मा, माझा हिशोब चुकला," मी म्हणालो.

"ठावं हाय. शिवकन्या रोज सांगती, तुमची सकाळ तवा आमची रात्र. तिकीट बघितलं तवाच कळलं मला."

"मग गेलीस कावून?"

"लेक वाट बघत व्हती. तुमी हिशोब सांगत व्हता तवाच ठरवलं, जायचं. मनगटावर केजचंच घड्याळ ठिवलं. त्यात पहाटंचे साडेपाच वाजले तर खिडकीत सूर्य मावळतीला. म्हनलं, मावळू दे. नेम माझा हाय, सूर्याचा न्हाई. इमानात जेवण वाढणाऱ्या पोरीकडून पाणी मागितलं, लिंग तळहातावर घेतलं, पूजा केली. मग पोटभर जेवले."

कधी धड लातूरलाही एकटी न गेलेली ही बाई अर्धी पृथ्वी ओलांडून गेली होती, आणि नेम शाबूत होता. अख्ख्या केजला ओरडून सांगावंसं वाटलं.

"तुमची झाली का पूजा?" तिनं विचारलं.

मी हाताकडे पाहिलं. चहाचा कप होता, अर्धा प्यालेला. तो पाठीमागे लपवला, पण तिनं पाहिलाच. साडेबारा हजार किलोमीटरवरून नीलम्मा पोट धरून हसत होती.