अडुळशाच्या तीन काड्या

एरंडोलच्या त्या गल्लीत सुगनबाईचं मोकळं बोलणं व्हायचं ते एकाच माणसाशी, भिंतीपलीकडच्या सुगराबीशी. नवरा रिखबचंद जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. खोकला उसळला की सुगराबी आपल्या अंगणातल्या अडुळशाची पानं भिंतीवरून द्यायची आणि त्या निमित्ताने तासभर गप्पा रंगायच्या. चातुर्मासात हिरवं तोडायचं नाही, हा जैन सुगनबाईचा नियम. तोडणारे हात दुसऱ्याचे, तेव्हा नियम पाळायला काय जातंय!

अडुसष्ट सालच्या श्रावणात सुगराबीच्या मुलाने, इसाकने, घर विकलं आणि आईला भुसावळला न्यायला आला. टांगा दारात, इसाकच्या हाका. सुगराबीने घाईघाईने अडुळशाच्या तीन काड्या छाटून लावायला म्हणून भिंतीवरून दिल्या.

"खालना पानं तोडी टाक बाई, वरना दोनच ऱ्हाऊ दे. नई ते काडी सडी जाई."

टांगा गेला. सुगनबाई काड्या घेऊन ओट्यावर बसली. पान तोडावं तर नियम मोडतो. कुणाला तोडायला सांगावं, तर करवून घेणंही पापच, हे तिला आज आठवलं. इतकी वर्षं बरं आठवलं नाही! शेवटी तिने माती उकरून काड्या पानांसकट खोचल्या. माती उकरणंही शास्त्रात बसत नव्हतं, तिकडे तिने काणाडोळा केला.

आठवड्यात खालची पानं मातीत काळी पडली. एक काडी गेली, मग दुसरी. तिसरीचं पान चिमटीत धरून ती सकाळभर उकिडवी बसली, पण बोटं वळेनात. तीही सडली. पलीकडे नव्या मालकाने झुडूप उपटून फरशी घातली होती. सुगनबाईचे दिवसच्या दिवस तोंडातून शब्द न निघता जाऊ लागले. असं एकटेपण तिला नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

आश्विनात इसाकच्या अक्षरात सुगराबीचं कार्ड आलं. 'इथं माडीवरची खोली आहे. करमत नाही. अडुळसा लागला का? लागला असेल तर कुंडीसाठी एक काडी न्यायला येईन म्हणते.'

खोटं बोलायचं नाही, हा तर सुगनबाईचा बारमाही नियम. ती कार्ड घेऊन संध्याकाळपर्यंत बसून राहिली. मग दौत ओढली आणि एकदाही न अडखळता लिहिलं, 'अडुळसा छान लागला आहे. लवकर ये.'