महिनाभर घालून परत पाठव

आमच्या जिन्याखाली बूट दुरुस्तीचं दुकान होतं. ते चालवणाऱ्याला सगळे बूटवाला म्हणत. त्याच्या बायकोनेही, म्हणजे आमच्या वहिनींनीही, एकदा चुकून तशीच हाक मारली होती, आणि त्याने 'ओ' दिली होती. माणसाची टाच बघून तो कुंडली मांडायचा. एकदा एका टायवाल्या गृहस्थाचे बूट हातात घेऊन त्याने विचारलं, "नोकरी सुटून किती दिवस झाले?" गृहस्थ पांढराफटक पडला. घरी कोणालाच सांगितलं नव्हतं बिचाऱ्याने. बूटवाला म्हणाला, "ऑफिसात बसणाऱ्याच्या टाचा मागून झिजतात. तुमच्या चारी बाजूंनी झिजल्यात. दिवसभर बागेत गोल फिरताय." मी तेव्हा तिथेच बसलो होतो, त्यामुळे यात थापेचा भाग फार तर चार आणे.

तर इमारत विकली गेली आणि मालकाने दुकान सोडायला तीन महिने दिले. चिठ्ठी वाचली त्या दिवसापासून बूटवाला बधिर झाला. दात काढल्यावर गाल कसा असतो, तसा अख्खा माणूस. हातोडी अंगठ्यावर बसली, तर दुसऱ्याच कोणाचा अंगठा असल्यासारखा तो बघत राहिला.

"अहो, लागलं का?" वहिनींनी विचारलं.

"लागलं असेल," तो म्हणाला.

त्याची धाकटी बहीण दुसऱ्या शहरात असते. नवरा गेल्यापासून एकटीच. कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला. तिचे फोनवर फोन सुरू झाले. दादा, इकडेच ये. इथे सगळं स्वस्त आहे. कारखान्याच्या फाटकासमोर एक टपरी रिकामी होतेय, मी बोलून ठेवलंय, फक्त डिपॉझिट भर.

वहिनींनी कॅलेंडरच्या पाठीमागे दोन रकाने आखले. एकावर 'इथे', दुसऱ्यावर 'तिथे'. खोलीचं भाडं, दूध, वीज, बसचा पास, नणंदबाई सांगतील तो आकडा त्या लिहीत गेल्या. महिन्याच्या खर्चात 'तिथे' जवळजवळ निम्म्यावर येत होतं. वहिनींनी बेरीज तीनदा केली. इतकं स्वस्त शहर मी फक्त स्वतःच्या गोष्टींतच ऐकलं होतं, पण तोंड बंद ठेवलं.

"बघा ना एकदा," त्या म्हणाल्या. "सगळी शिल्लक घालवून जायचं आहे. उगाच फसायला नको. भावजी, तुम्ही तरी सांगा यांना."

"काय रे, बघ की," मी म्हणालो.

बूटवाल्याने कागद पाहिला, न पाहिल्यासारखा. म्हणाला, "आकडे काय, तोंडाने सांगायचे." आणि उठून त्याने बहिणीच्या मापाचे नवे बूट शिवायला घेतले. चार दिवसांत झाले. ओळखीच्या ट्रकवाल्याकडे देऊन त्याने तिला फोन केला, "महिनाभर रोज घाल आणि परत पाठव. दुसरं काही नको."

मला म्हणाला, "शहर किती खातं ते सोलवर दिसतं."

महिना गेला. शेजारचा शिंपी गेला, वरचा दंतवैद्य गेला. बूटवाला रोज दुकान उघडायचा आणि बंद करायचा. टपरीवाल्याने रविवारपर्यंतची मुदत दिली होती. शुक्रवारी बूट आले.

सोल जेमतेम झिजलेले. टाचेची कड किंचित गेलेली, बस्स. वहिनींचा चेहरा फुलला. "म्हणजे बसनेच जाते ती. बघा, खरंच परवडतं!"

बूटवाल्याने बूट उजेडात धरला. मग नखाने सोलची खाच खरवडली. नखावर लाल भुकटी आली. आत हात घालून बोटांच्या जागा चाचपल्या. मग फोन घेतला आणि स्पीकरवर टाकून हातोडीशेजारी ठेवला.

"दादा, मिळाले का बूट?"

"मिळाले. विटेवर घासलेस?"



"हो," शिलाई मशिनांच्या आवाजातून ती म्हणाली.

"चालणारा माणूस आडवा घासत नाही. आणि आत बोटांचे ठसे नाहीत. घातलेच नाहीस."

"घातले असते तर पंधरा दिवसांत भोकं पडली असती. भोकं पाठवली असती, तर तू कशाला आला असतास?"

"किती चालतेस?"

"जायला दीड तास. यायला दोन. येताना पाय जड होतात."

"बसचा पास?"

"पासाची किंमत मी खरीच सांगितली. मी काढत नाही, एवढंच."

वहिनी पुढे सरकल्या. "आणि वन्सं, दुधाचा आकडा?"

"तोही खरा. कमीच घेते, म्हणून कमी येतो."

"भाडं?"

"पाच जणी आहोत खोलीत, वहिनी. तो माझा वाटा सांगितला."

वहिनींनी कॅलेंडर उलटं करून टेबलावर ठेवलं. मला हसू येत होतं आणि ते कुठे ठेवावं कळत नव्हतं. बूटवाल्याच्या चेहऱ्यावर मात्र काहीच नाही. सुईत दोरा ओवताना असतो तेवढाच चेहरा.

"दादा, रागावलास?"

"नाही."

"नको येऊस मग. खरंच नको. इथे भागत नाही. मला वाटलं होतं, तू आलास की..." मागे कोणीतरी तिला हाक मारत होतं.

"कारखान्यात किती जणी आहात?"

"काय?"

"बायका किती?"

"चारशे असतील. का?"

"त्यातल्या किती चालत येतात?"

"सगळ्याच, दादा. पास कोणाला परवडतो?"

बूटवाल्याने वहिनींकडे पाहिलं. "उद्या डिपॉझिट भरून टाक."

"अहो! एवढी महागाई कळल्यावर?"

"तिथे सोल लवकर झिजतात," तो म्हणाला. "इथे बूट दुरुस्तीला यायला चार महिने लागतात. तिथे पंधरा दिवस."

"दादा, तू माझ्यासाठी येऊ नकोस हं," फोनमधून आवाज आला.

"धंद्यासाठी येतोय."

त्याचा आवाज तसाच सपाट होता. यात माया किती आणि हिशेब किती, ते मी इतका खोटारडा असूनही आजवर ठरवू शकलेलो नाही. तोवर बाहेर एक बाई तुटलेल्या पट्ट्याची चप्पल घेऊन उभी राहिली होती. त्याने ती घेतली, उलटी केली आणि म्हणाला, "उद्या सकाळी न्या. परवापासून आम्ही नाही."