मधे धरणारी

मित्रांनो, मला तुम्ही पाहिलं असलं तरी ओळखलं नसेल. मी लेथची, म्हणजे धातू फिरवून कातायच्या यंत्राची, एक जुनी स्टेडी आहे. लेथवर लांब दांडा फिरू लागला की त्याचं एक टोक चक आपल्या जबड्यात धरतं, दुसरं टोक टेलस्टॉक टेकवून धरतो, आणि मधल्या भागाचा विचार कुणी करत नाही. तो मी करते. मी बिडाची एक कडी आहे. आत तीन बोटं, बोटांच्या टोकांना पितळ. दांडा माझ्यातून फिरतो आणि मी त्याला वाकू देत नाही. एवढंच माझं शिक्षण.

माझा जन्म पंजाबातल्या एका ओतशाळेत झाला. पुढे वीस वर्षं मी दिल्लीच्या एका सरकारी कारखान्यात होते. तिथे नरसिंहराव नावाचे टर्नर मला रोज पुसत आणि बोटांना तेल देत. मग कारखान्याने लेथ लिलावात काढला. उल्हास साहेबांनी तो घेतला, सोबत मी आले, आणि निवृत्त झालेले नरसिंहरावही आले.

उल्हास साहेब मूळचे पुण्याचे. दिल्लीतल्या एका मंत्रालयातली पक्की नोकरी सोडून त्यांनी नोएडात वर्कशॉप टाकलं. ते साल ब्याण्णव. तेव्हा नोकऱ्या सोडण्याची साथच होती. साहेबांना मी काय आहे ते कळलं नाही, पण मी वजनदार आहे हे कळलं. ऑफिसातल्या कूलरचा एक पाय तुटला होता. त्याखाली मला सरकवलं. चार उन्हाळे माझ्यावर पाणी ठिबकलं. आधार देणं हाच माझा धंदा असल्यामुळे तक्रार तरी काय करणार?

शहाण्णवच्या जूनमध्ये साहेबांच्या सोसायटीच्या पंपाचा दांडा वाकला. सोसायटी नवी, शहाण्णव घरांची. संगमरवरी जिना होता, पाणी मात्र त्या एका पंपाचं. साहेब सोसायटीचे सेक्रेटरी. तिसऱ्या कोरड्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं, "संध्याकाळी सहाला पाणी. माझा शब्द." आणि वर्कशॉप उघडलं.

स्टीलचे दोनच गज शिल्लक होते आणि रविवारी बाजार बंद. दांडा साडेतीन फूट लांब, अंगठ्याएवढा जाड.

नरसिंहराव म्हणाले, "साहेब, स्टेडी लागेल. कूलर उचलू या."

"चव्वेचाळीस डिग्री आहे, नरसिंहराव. दोन्ही टोकं धरलीत ना घट्ट? मंत्रालयात दोन टोकांना दोन अधिकारी असले की फाईल सरळ जायची."

"फाईलवर धार चालवायची नसते, साहेब."

पण साहेबांनी घड्याळ दाखवलं. लेथ सुरू झाला. कातणारी धार मध्यावर आली तसा गज थरथरू लागला आणि धारेपासून दूर पळू लागला. मोजलं तर दोन्ही टोकं बरोबर, मधे पोट.

"हे फुगलं कसं?" साहेबांनी विचारलं.

"बैठं काम केल्यावर फुगतं तसं नाही हे. मधे धरायला कुणी नव्हतं."

साहेबांनी नकळत शर्ट नीट केला. म्हणाले, "पोट काढून टाका." नरसिंहरावांनी आणखी एक काप घेतला. गज उसळून धारेवर चढला आणि वाकला. तो गेला. आता एकच उरला होता.

बारा वाजता साहेबांनी कूलर स्वतः उचलला.

माझी बोटं गंजली होती. नरसिंहरावांनी ती सोडवली, घासली, पुसली. मग नव्या गजाच्या मधोमध दोन बोटं रुंदीचा पट्टा हलक्या हाताने गोल करून घेतला, कारण ओबडधोबड गज मला धरता येत नाही. खालची दोन बोटं त्याला टेकवली, वरचं शेवटी. फट किती राहिली ते पाहायला मधे बिडीच्या बंडलाचा पातळ कागद घालून सरकवून पाहिला. तेल सोडलं.

साहेब पान्हा घेऊन पुढे आले. "अजून आवळू या. रिस्क नको यार."

"आवळलं तर तापेल. तापलं तर वाढेल, वाढलं तर अडकेल. धरायचं, साहेब. दाबायचं नाही."

साहेबांनी पान्हा खाली ठेवला. मला वाटतं, त्या दिवशीचं त्यांचं सर्वात अवघड काम तेच होतं. एक अर्धा भाग झाला, दांडा उलटून दुसरा झाला. मधेमधे नरसिंहराव माझ्या बोटांना हात लावून ऊब पाहत, आणि तेल देत. चार वाजता त्यांनी तीन ठिकाणी मोजलं. टोकाला जे माप, तेच मध्यावर.

दांडा साहेबांच्या स्कूटरवरून गेला. वर्कशॉपमध्ये नरसिंहराव आणि मी उरलो. सहा वाजून गेले, फोन वाजला नाही. नरसिंहरावांनी तीन वेळा रिसीव्हर उचलून फोन चालू आहे ना ते पाहिलं. पावणेसातला साहेबांच्या पत्नी, सुनंदाताईंचा फोन आला. घंटेसारखा आवाज, मलाही ऐकू आला.

"नरसिंहराव, पाणी आलं. हे खाली सगळ्यांना सांगतायत की दांडा तुम्ही केलात."

"साहेब सांगतायत?"

"चौथ्यांदा. तुम्ही जेवायलाच या इकडे. फक्त जरा उशिरा या, तीन दिवसांची भांडी पडलीयेत."

नरसिंहरावांनी फोन ठेवला. निघण्याआधी माझी तिन्ही बोटं पुसली, तेलाचा हात फिरवला आणि मला लेथशेजारी खुंटीवर टांगलं.

मित्रांनो, लांबलचक काम हाती घ्याल तेव्हा मधे कुणाला तरी उभं करा. त्याला आधी जागा नीट करून द्या, आणि काम चालू असताना अधूनमधून हात लावून बघा, तापलंय का. संपल्यावर पुसून ठेवा. आभाराचं भाषण केलंत तरी चालेल, पण आधी तेल. भाषणानं गंज थांबत नाही.