उजवीकडून पहिलं चित्र

पेंटरकाकांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पाटीचा अर्थ त्यांना कधी कुणी विचारला नाही. 'आज रोख, उद्या उधार' यावर माणसं फार तर रागावतात, चर्चा करत नाहीत. त्यामुळे दातांच्या डॉक्टरीणबाई आपली कोरी भिंत दाखवून म्हणाल्या, "काका, एखादी गोष्ट काढा, पेशंटना दातांचा विसर पडेल," तेव्हा काकांच्या लक्षात आलं, आपल्याकडे गोष्ट अशी एकच आहे.

लेकीची. ती त्यांच्याच दुकानात ब्रश धरायला शिकली आणि तीन वर्षांपूर्वी पाट्या छापणाऱ्या यंत्रावर नोकरीला लागली. "यंत्राची चाकरी करायची तर या दुकानाची पायरी चढू नकोस," काका बोलून गेले. पोरगी बापावर गेलेली. नाही चढली.

माफी मागायला जीभ रेटेना, म्हणून काकांनी भिंत वापरली. पाच चित्रं: लेक पाठ फिरवून निघालेली, तिचं रिकामं स्टूल, दारात उभा बाप, पायरीशी लेक, चपला काढलेल्या, आणि शेवटी दोघं एकाच पाटीवर ब्रश चालवताना. मग बहिणीकरवी निरोप धाडला, शुक्रवारी अकराला दवाखान्यात ये म्हणावं.

शुक्रवारी काका नऊलाच गालाला रुमाल लावून कोपऱ्यात बसले. दात ठणठणीत होते. पण लोकांचं बोलणं ऐकायचं तर काहीतरी दुखायला हवं.

"बघा, सुखानं काम करत होती दोघं," सुजलेल्या गालाचा एक शिंपी शेजारच्या मास्तरीणबाईंना सांगत होता.

"आणि पोर अनवाणी गेली हो! चपला पायरीवरच. म्हाताऱ्यानं किती छळलं असेल!"

"आता उभाय दारात. बैल गेला नि झोपा केला. शेवटी बघा, पार पाठ फिरवून गेली. शहाणी पोर."

काकांचा रुमाल गालावरून कपाळावर आला. काका डावखुरे. ओला रंग मनगटानं पुसला जाऊ नये म्हणून चाळीस वर्षं ते पाटीचं शेवटचं अक्षर आधी काढत, मग डावीकडे सरकत. पाटीत ते खपतं. त्याच सवयीनं त्यांनी गोष्टही उजव्या टोकाला सुरू केली होती, आणि लेक परत येण्याऐवजी कायमची निघून गेली होती.

ते तडक आत गेले. "बाई, भिंत पांढरी करून देतो."

"काय बोलताय काका! लोक नंबर गेला तरी उठत नाहीत."

"मग चित्रांना आकडे तरी घालू द्या."

"आधी गालाला काय दुखतंय ते बघू द्या," म्हणत बाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं. अक्कलदाढ खरंच किडलेली निघाली. तोंडात कापूस कोंबून काका बाहेर आले, तर दारात लेक.

"ताई, इकडून बघा," शिंप्यानं डावं टोक दाखवलं. काकांनी दोन्ही हात हलवले; तोंडातून नुसतं "अं, अं" आलं.

लेक सरळ उजव्या टोकाला गेली.

"अहो, तो शेवट आहे!"

"आमच्याकडे इथूनच सुरू होतं. लहानपणी मी शेवटच्या अक्षरावरून दुकान ओळखायचे."

एकेक पाऊल टाकत ती डावीकडे सरकली. चपलांपाशी थांबली, वाकली.

"तुटलेला अंगठासुद्धा काढलाय," ती हळूच म्हणाली. पाचव्या चित्रापुढे तर ती इतका वेळ उभी राहिली, की शिंपीही उठून उजव्या टोकाला गेला.

मग ती काकांकडे वळली. "बाबा, नोकरी मी सोडणार नाही हं."

काकांनी मान हलवली. नको सोडूस.

"पण रविवारी सुट्टी असते मला."

"अं," काका म्हणाले.

काका खुर्चीत टेकले. त्यांच्या डावीकडची खुर्ची रिकामी होती. ती वळसा घालून काकांच्या उजव्या हाताला येऊन बसली. लहानपणापासून तिथंच बसायची, डावा कोपर मोकळा सोडून.